वरची डिस्क

टेमघरच्या पाटलांच्या घरात तळमजल्याला, रस्त्याच्या बाजूला, एक छोटं दुकान आहे आणि त्या दुकानात एक फिरती खुर्ची आहे. खुर्चीचं एक चाक मोडकं, पाठ उसवलेली, आणि बसणारा कितीही सरळ असला तरी ती त्याला डावीकडे झुकवते. असल्या खुर्चीवरून घरात वाजावं असं तिच्यात काही नाही. पण मृणालीला विचारून बघा. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती पाहत होती, स्वयंपाकघरात सासूबाईंचा शब्द, जमिनीच्या बोलण्यात सासऱ्यांचा, गोडाऊनच्या भाडेकरूंशी नवऱ्याचा. तिचा शब्द चालेल अशी अख्ख्या दुमजली घरात एकच जागा होती, आणि ती डावीकडे झुकत होती.

दुकान बॅनरचं आणि लग्नपत्रिकांचं. आमच्याकडे पोराला मिसरूड फुटायच्या आत त्याचा वाढदिवसाचा बॅनर नाक्यावर लागतो. वर उत्सवमूर्ती गॉगल लावून, खाली शुभेच्छुक, तेही गॉगल लावून. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, कुणाचा गोल आणि कुणाचा चौकोनी, यावरून इथे माणसांनी वर्षानुवर्षं बोलणं टाकलेलं आहे. पत्रिकेचं तर विचारूच नका. भावकीतलं थोरलं घर आधी, मग धाकटी घरं, त्यातही वयाप्रमाणे चुलते, मग त्यांच्या सुना. एक नाव खालीवर झालं की हळदीला चार घरं रिकामी. मृणालीला हा सगळा क्रम तोंडपाठ होता. तिने केलेल्या पत्रिकेवरून कधी कुणी रुसलं नाही, आणि याचा तिला रास्त अभिमान होता.

त्यात तिच्या सासऱ्यांचं, बाळाराम पाटलांचं, घर म्हणजे भावकीतलं थोरलं घर. कुळाचा देव त्यांच्याकडे. दसऱ्याला सगळी धाकटी घरं नारळ घेऊन याच देव्हाऱ्यापुढे येतात, कारण देव थोरल्याकडेच बसतो, ही रीत. आणि या थोरल्या घरात भूपेश थोरला, म्हणजे मृणाली थोरली सून. अशी ती दोन्हीकडून थोरली होती, आणि ते ती विसरली असं कधी झालं नाही.

मग गेल्या वर्षी धाकट्या कुणालने अकलोलीची क्षितिजा आणली. प्रेमविवाह. तिथल्याच एका शेतकऱ्याची मुलगी, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, बारीक आवाजाची. मृणालीने सुरुवातीला बऱ्याच आशेने तिच्यातल्या खोडी शोधल्या. उशिरा उठते का? नाही. उलट बोलते का? नाही. तांदळाची भाकरी तरी फाटत असेल? तर पहिल्याच आठवड्यात सासूबाई, आनंदीबाई, तिची भाकरी हातावर घेऊन म्हणाल्या, "माज्या आयशीच्या हातची अशी व्हायची." मृणालीने बारा वर्षं त्या चुलीवर भाकऱ्या थापल्या होत्या. तिच्या भाकरीवरून कुणाला आई आठवली नव्हती. त्या दिवशी तिने एक भाकरी कमी खाल्ली.

हेवा वाटतो हे माणूस कबूल करत नाही. त्याला दुसरी नावं देतो. मृणाली त्याला काळजी म्हणायची. नवीन पोर आहे, डोक्यावर बसवू नका, एवढंच तिचं म्हणणं, असं ती भूपेशला रोज सांगायची. भूपेश हुं म्हणायचा आणि कुशीवर वळायचा.

क्षितिजा पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या वेबसाइटची बारीकसारीक कामं करायची. दिवाळीनंतर तिचा जुना लॅपटॉप कायमचा बसला. तिच्या भावाने, चांगदेवने, तिला एक नवी डिस्क दिली, हातात मावेल एवढी, आणि क्षितिजाने जेवताना भीतभीत विचारलं की दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये ही बसवली तर चालेल का. वहिनींचं काम दिवसा असतं, ती संध्याकाळी बसेल. बाळाराम म्हणाले, एका पेटीत दोघींचं होत असेल तर दुसरी पेटी कशाला. झालं. मृणालीला विचारलंही, पण अशा तऱ्हेने की नाही म्हणणारी वाईट दिसावी. ती म्हणाली, "टाक की." हसूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्षितिजाने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, आतल्या वायरींत आपली डिस्क जोडली आणि पेनड्राइव्ह लावून, विंडोजच्या जागी ती वापरायची ते लिनक्स चढवायला घेतलं. मृणाली खुर्चीवरून उठली नाही. क्षितिजा शेजारी स्टुलावर बसून, हात लांबवून काम करत होती, आणि करता करता समजावत होती. कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी आत एक छोटासा प्रोग्रॅम जागा होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. त्याला बूटलोडर म्हणतात. आता थोड्या वेळात पडद्यावर प्रश्न येईल की हा बूटलोडर कुठल्या डिस्कवर बसवायचा.

"वरची डिस्क तुमची, खालची माझी," क्षितिजा म्हणाली. "आपण खालची निवडायची, वहिनी. म्हणजे तुमच्या डिस्कला हातच लागणार नाही. तुमचं विंडोज रोज उघडतं तसंच उघडेल. मला बसायचं असेल तेव्हा मी सुरुवातीला एक बटण दाबून माझं उघडेन."

मृणालीने मान डोलावली. तिला यातलं अर्धं कळलं होतं, आणि तेवढ्यावर गप्प राहिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तेवढ्यात माडीवरून सासऱ्यांची हाक आली. बाळारामांच्या मोबाईलवर बैलगाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ अडकला होता. हा व्हिडिओ दर दोन दिवसांनी अडकायचा, आणि बारा वर्षं, म्हणजे मोबाईल नव्हता तेव्हा टीव्ही आणि त्याआधी रेडिओ धरून, हाक यायची ती मृणालीच्या नावाने.

"क्षितिजा, ये गो जरा," बाळाराम वरून म्हणाले. "यो चालत न्हाय."

क्षितिजा उठली. जाता जाता म्हणाली की प्रश्न आला तर वहिनींनीच खालची डिस्क निवडून पुढे जावं, थांबायला नको. आणि ती जिना चढून गेली. वर सासऱ्यांचं हसणं ऐकू आलं.

आणि नेमका तेव्हाच पडद्यावर प्रश्न आला. बूटलोडर कुठे बसवायचा? खाली दोन ओळी. वर तिची जुनी मोठी डिस्क, खाली क्षितिजाची नवी, छोटी.

मृणालीने विचार केला तो असा. जे सगळ्यात आधी जागं होतं, जे बाकीच्यांना उठवतं, ते धाकटीकडे बसवायचं? उद्या ही म्हणेल, किल्ली माझ्याकडे आहे. देव कधी धाकट्या घरी बसतो का? जे मोठं ते थोरल्याकडे. आणि ही शहाणी, गोड गोड बोलून, वहिनी तुमच्या डिस्कला हात लागणार नाही म्हणून, ते आपल्या पदरात पाडून घेत होती. मृणालीच्या डोक्यात हे इतकं लख्ख उलगडलं की ती स्वतःवरच खूश झाली. तिने वरची ओळ निवडली आणि पुढे जाण्याचं बटण दाबलं.

क्षितिजा खाली आली तेव्हा काम संपत आलं होतं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि आजवर कधी न दिसलेलं काहीतरी पडद्यावर आलं: काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एक यादी. सगळ्यात वर क्षितिजाचं लिनक्स. त्याखाली त्याचीच दोन पिल्लं. आणि सगळ्यात खाली, पत्रिकेत दूरच्या मावसभावाचं नाव यावं तसं, मृणालीचं विंडोज.

मृणाली बघतच राहिली. तिने थोरल्या घरात देव बसवला होता खरा, पण तो धाकटीचा निघाला. तिच्याच डिस्कवर बसून तो आधी धाकटीचं नाव घेत होता. काही बटण दाबलं नाही तर थोडा वेळ वाट बघून तो सरळ क्षितिजाचंच उघडत होता.

क्षितिजाही बघत राहिली. आधी पडद्याकडे, मग मृणालीकडे. तिचा चेहरा काहीतरीच उजळला. "हे तुम्ही...?" एवढंच ती बोलली.

"हो," मृणाली तुटकपणे म्हणाली. "झालं ना एकदाचं?"

चूक केली हे कबूल करणं म्हणजे क्षितिजाकडून शिकणं, आणि ते तिच्याच्याने होणारं नव्हतं. क्षितिजाने खाली मान घातली, डब्याचं झाकण लावलं आणि हळूच म्हणाली, "आता माझी डिस्क अशीच काढायची नाही हं, ताई."

ताई. कालपर्यंत वहिनी होती. आणि डिस्क काढायची नाही म्हणे! मृणालीने यातून एकच अर्थ काढला: ही आता ठाण मांडून बसणार.

त्या दिवसापासून मृणालीची सकाळ बिघडायला लागली. रोज कॉम्प्युटर लावायचा, काळी पाटी यायची, वर धाकटीचं नाव. खाली जाणाऱ्या बाणाचं बटण दाबत दाबत शेवटच्या ओळीवर यायचं, तेव्हा कुठे आपलं घर उघडायचं. चहा प्यायला गेलं आणि उशीर झाला की परत येईपर्यंत क्षितिजाचा जांभळा पडदा उघडलेला. आपल्याच खुर्चीवर बसून आपल्याच डब्यात आपण सगळ्यात खाली. दिवसभर बॅनरवर लोकांची नावं वरखाली करणाऱ्या बाईचं नाव स्वतःच्या दुकानात तळाला होतं, आणि ते वर कसं घ्यायचं हे तिला एकाच माणसाला विचारता आलं असतं. त्या माणसाला विचारण्यापेक्षा तिने बाणाचं बटण झिजवणं पसंत केलं.

त्यात भर क्षितिजाच्या वागण्याची. ती आता संध्याकाळी लवकर यायची आणि मृणालीचं काम संपेपर्यंत स्टुलावर बसून राहायची. येताना कधी भाजलेले शेंगदाणे, कधी अकलोलीहून आलेली काकडी. ताई हे खा, ताई ते बघा. पूर्वी ही पोर दारात उभी राहून विचारायची, आता शेजारी बसून आपल्या शाळेतल्या गोष्टी सांगायला लागली. मृणालीला वाटायचं, जिंकलेल्या माणसाला दया सुचते. ती शेंगदाणे खायची, कारण शेंगदाण्यांनी काही केलं नव्हतं, पण मनातून नाक मुरडायची.

माघात नणंदेचं, दिशाचं, लग्न ठरलं. घरची पत्रिका. आनंदीबाई म्हणाल्या, दोघींनी एकेक बनवा, जिची चांगली होईल ती छापू. मृणालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण क्षितिजानेच हात वर केले; भावकीचा क्रम आपल्याला कळत नाही, पत्रिका ताईंनीच करावी, असं ती म्हणाली. मृणालीला यातही खोट दिसली. बघा, न करताही चांगली ठरली.

खरा घाव बसला तो पुढच्या रविवारी. हायवेला पाटलांच्या जागेवर नवीन गाळे उठले होते. त्यातला दर्शनी गाळा बाळारामांनी दुकानासाठी ठेवला होता, आणि गेलं वर्षभर मृणाली त्या गाळ्यात मनाने बसत होती. काचेचं दार, आत एसी, सरळ पाठीची खुर्ची. जेवता जेवता बाळाराम म्हणाले, "लग्न झाला की दुकान गाल्यात न्यायाचा. सकालची क्षितिजा बसंल, दुपारशी मृणाली. पेटी एकच हाय, दोघींचा त्यात हाय."

सगळ्यांना ते पटलं. भूपेशने तर मान डोलावून आणखी भात घेतला. मृणालीने ताटातलं बोट ताटातच ठेवलं. जगात एक जागा आपली, तीही अर्धी. आणि अर्धी का, तर त्या डब्यात क्षितिजाची डिस्क आहे म्हणून. म्हणजे डिस्क नसेल तर प्रश्नच मिटला.

दोन दिवसांनी क्षितिजा भावाच्या मुलीच्या बारशाला अकलोलीला गेली. कुणाल मागून जाणार होता. पत्रिका त्याच दिवशी निजामपुऱ्यातल्या छापखान्यात पोचवायची होती. सगळी नावं लावून झाली होती, फक्त शेवटची नजर फिरवायची बाकी. मृणालीने सकाळी देवाला फूल वाहिलं, खाली आली, दुकानाचं दार लोटलं आणि कॉम्प्युटरचं झाकण काढलं. क्षितिजाने वायरी कशा जोडल्या ते तिने पाहिलेलं होतं. जोडलेलं ओढलं की सुटतं, त्यात पदवी लागत नाही. नवी डिस्क तिच्या तळहातावर आली. हलकी होती. तिने ती जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळली आणि बाइकला किक मारणाऱ्या कुणालच्या हातात दिली. हिचं सामान हिला दे, म्हणाली. तिकडे भावाच्या मशीनवर कामाला येईल, इकडे माझं मशीन गरम होतं. कुणाल भोळा. त्याने ते खिशात टाकलं आणि गेला.

मग मृणाली खुर्चीवर बसली. डावीकडे झुकली. कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास आला. तिने बटण दाबलं. आज यादी नाही, वरचं नाव नाही, सरळ आपलं घर.

यादी खरंच आली नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, असं काही उपकरण सापडत नाही अशा अर्थाच्या, आणि त्याखाली एक रेघ लुकलुकायला लागली. बस्स. तिने बंद करून पुन्हा लावला. पुन्हा त्याच दोन ओळी. बाणाचं बटण दाबलं, सगळी बटणं दाबली. आठ वर्षांचं काम, शेकडो बॅनर, भावकीतल्या प्रत्येक घराची पत्रिका आणि दिशाच्या लग्नाची नावं, सगळं त्या रेघेच्या मागे कुठेतरी होतं, आणि रेघ नुसती लुकलुकत होती.

मृणालीने घाबरून आतली उरलेली वायर चाचपून बघितली. आणि भीतीच्या पाठोपाठ, अगदी हात धरून, राग आला. आता माझी डिस्क काढायची नाही हं, ताई. हे ती हळूच म्हणाली होती. म्हणजे तिला ठाऊक होतं. म्हणजे तिने तेव्हाच काहीतरी करून ठेवलं होतं.

ती जिना चढून वर गेली. बाळाराम, आनंदीबाई, दिशा, भूपेश, सगळे चहाला बसले होते. मृणालीचा आवाज घरात कधी फार चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही, उलट बसला.

"तिने माझं मशीन बांधून ठेवलंय," ती म्हणाली. "ती असेल तरच चालेल असं करून ठेवलंय. पत्रिका आत अडकली. बाहेरची मुलगी घरात घेतली की हे असं होतं. तिला माझी खुर्ची पाहिजे, पहिल्या दिवसापासून पाहिजे."

दिशाचे डोळे भरले, पत्रिकेसाठी की क्षितिजासाठी ते कळलं नाही. बाळारामांनी कपातला चहा बशीत ओतला आणि पिऊन टाकला. मग भूपेशला म्हणाले, कुणालला फोन लाव. फोन दिशाने लावला, आणि मृणाली जे बोलली होती ते तिने रडत रडत तसंच्या तसं कुणालला सांगितलं. क्षितिजा त्याच्या शेजारीच उभी होती.

बारशाचं जेवण टाकून दोघं दुपारी उन्हातून परत आली. क्षितिजाच्या केसांत बारशाचा गजरा होता, रस्त्याच्या धुळीने राखाडी झालेला. तिने दुकानात येऊन कुणाकडे बघितलं नाही. पर्समधून ओढणीचा तुकडा काढला, डिस्क काढली, तुकड्याची घडी घालून टेबलावर ठेवली. झाकण उघडलं, वायर जोडली, बटण दाबलं. काळी पाटी आली. यादी आली. बाण दाबत दाबत ती शेवटच्या ओळीवर गेली, आणि मृणालीचं विंडोज उघडलं. पत्रिका जशीच्या तशी होती. दिशाने देवाला हात जोडले.

"कोनाची चूक झाली गो?" बाळारामांनी विचारलं. ते दारात उभे होते, मागे आनंदीबाई.

क्षितिजाने मृणालीकडे बघितलं. मृणाली खुर्चीमागे उभी होती, पाठीची उसवलेली शिवण बोटांत धरून. आता ही सांगणार. मी खालची निवडा म्हणून सांगितलं होतं, यांनी वरची निवडली. मी काढू नका म्हटलं होतं, यांनी काढली. दोन वाक्यांचं काम होतं. त्यानंतर गाळा गेला, खुर्ची गेली, आणि या घरात आपण तोंड दाखवायला राहिलो नाही.

"कुणाची नाही, बाबा," क्षितिजा म्हणाली. "दोन्ही डिस्क एकमेकींवर अडकल्या होत्या. एक निघाली की दुसरी उघडत नाही. मी नीट समजावून सांगायला पाहिजे होतं. आणि गाळ्यात सकाळ-दुपार नको. मी भावाकडचा जुना लॅपटॉप आणणार आहे. गाळ्यात त्याच बसतील."

बाळाराम बरं म्हणाले आणि वर गेले. भूपेश पत्रिका पेनड्राइव्हमध्ये घेऊन निजामपुऱ्याला निघाला. दुकानात दोघीच राहिल्या.

गाळा पदरात पडला होता. खुर्ची अख्खी मिळाली होती. मृणाली आनंद व्हायची वाट बघत उभी राहिली, आणि तो येईना, तेव्हा तिने विचारलं, "तू खरं का नाही सांगितलंस? वरची मी निवडली म्हणून?"

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. यादी आली तेव्हाच."

"मग तेव्हा का नाही बोललीस? दुरुस्त करता आलं असतं ना?"

क्षितिजा दुसरा एक पेनड्राइव्ह लावत होती. तिचा हात थांबला. "मी तुम्हाला खालची सांगितली होती," ती म्हणाली, "कारण दुकान तुमचं. मी कोपऱ्यात राहीन म्हटलं. आणि खाली येऊन बघते तर तुम्ही मला तुमच्या डिस्कवर घेतलेलं, तेसुद्धा सगळ्यात वर. मला वाटलं, मुद्दाम केलंत. मला घरात घेतलंत असं वाटलं. त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं की जाऊ नाही, बहीण मिळाली."

मृणाली खाली स्टुलावर बसली. शेंगदाणे आठवले, काकडी आठवली. ताई आठवलं. तिला आजवर क्षितिजाच्या भाकरीचा हेवा वाटला होता, पदवीचा, सासऱ्यांच्या हाकेचा. आता या पोरीच्या मनाचा हेवा वाटला, ज्याला मृणालीचा द्वेषसुद्धा मायेसारखा दिसला होता. हा हेवा आधीच्या सगळ्यांहून वाईट होता, कारण याच्यावर राग धरता येत नव्हता. हो, मुद्दामच केलं होतं, असं आत्ता म्हणता आलं असतं. तिने तोंडही उघडलं. पण सकाळी ती जे बोलली होती, बाहेरची मुलगी, ते शब्द दोघींच्या मध्ये टेबलावरच्या ओढणीच्या तुकड्यासारखे घडी घालून पडले होते.

"काय करतेस?" तिने विचारलं.

"वेगळं करते. तुमचं तुमच्या डिस्कवर, होतं तसं. माझी काढून घेते. परत कधी अडणार नाही."

"राहू दे ना," मृणाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आहे तसंच राहू दे. मला सवय झालीये."

क्षितिजाने पडद्यावरून नजर काढली नाही. "नको, वहिनी," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. नुसती वहिनी होती.

दिशाचं लग्न झालं. पत्रिकेवरून कुणी रुसलं नाही. लग्नानंतर दुकान गाळ्यात गेलं, काचेचं दार, आत एसी, आणि बाळारामांनी स्वतः आणलेली सरळ पाठीची नवी खुर्ची. क्षितिजा वरच्या मजल्यावर आपल्या लॅपटॉपवर काम करते, भाकऱ्या करते, हाक मारली की येते, आणि मृणालीशी नीट, मान राखून बोलते. गाळ्यात ती कधी येत नाही.

पहिल्या दिवशी मृणालीने देवाला नारळ फोडला, खुर्चीवर बसली आणि बटण दाबलं. खुर्ची कुठेही झुकली नाही. काळी पाटी आली नाही, यादी आली नाही, कुणाचं नाव आलं नाही. सरळ तिचं उघडलं. पण तिचं बोट तोवर आपल्या सवयीने खालच्या बाणावर गेलं होतं आणि ते बटण पुन्हा पुन्हा दाबत होतं.